टेप घेऊन जा

परवा रात्री तुझा फोन आला. दहा वाजून गेले होते. या वेळी फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाच्या छातीत धस्स होतं. घाईने उचलला, तर तू म्हणालास, "सर, नवी सेव्हन सीटर येतेय. या वेळी बुकिंग सोडत नाही. तीन फोन घेऊन बसणार आहोत. मी, बायको आणि मेव्हणा."

तीन फोन! गाडी चालवून पाहिलीस का, असं विचारलं. नाही. निदान आत बसलास का? नाही. शोरूमला आली आहे का? अजून नाही. मग वीस लाख रुपये कशाच्या जोरावर टाकायला निघालास? मोबाइलवर पाहिलेल्या चार मिनिटांच्या व्हिडिओच्या?

तेव्हा मी गप्प बसलो. मागे तुझी पोरगी 'सनरूफ, सनरूफ' करत नाचत होती आणि लेकरासमोर बापाला बोलू नये, एवढं मला कळतं. आज बोलतो. शेवटपर्यंत वाच. दहावीला भूमितीचा पेपर अर्धा तास आधी देऊन बाहेर पळाला होतास, तसं इथे करू नकोस.

'या वेळी सोडत नाही' म्हणजे काय? २०२१ ची जखम अजून भरली नाही, असाच ना याचा अर्थ? मला आठवतं सगळं. १४ ऑगस्टला महिंद्राने एक्सयूव्ही ७०० दाखवली. सुरुवातीची किंमत ११ लाख ९९ हजार. ७ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत संपल्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या २५ हजार दोन तासांत गेल्या. तू तेव्हा पहिल्या पाळीला होतास, फोन लॉकरमध्ये होता. दुपारी मला फोन करून असा हळहळलास, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

त्या ५७ मिनिटांचं गणित कधी केलंस? मिनिटाला ४३८ गाड्या. एका मिनिटात ४३८ घरांनी काही लाखांचा निर्णय घेतला. त्यातल्या किती जणांनी गाडीची लांबी वाचली असेल? किती जणांनी म्हाताऱ्या आईला विचारलं असेल? आणि घाई कशाची होती? पहिल्या २५ हजारांना सुरुवातीची किंमत, नंतर ५० हजारांपर्यंत वाढ. बस, एवढंच. गाड्या काही दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या नाहीत. पेट्रोलच्या गाड्या ऑक्टोबरच्या अखेरीस सुटायला लागल्या, डिझेलच्या त्यानंतर महिन्याभराने. जगभर चिपांचा तुटवडा होता. वरच्या प्रकारांसाठी लोकांनी वर्षवर्ष वाट पाहिली. तासाभरात बुक करायचं आणि वर्षभर थांबायचं. मग तो तास विचार करायला का दिला नाही? वर्ष तर हातात होतंच!

गाडीला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगतो. नाही तर म्हणशील, सरांना नवं काही बघवत नाही. परदेशी जीपचे सुटे भाग आणून इथे जोडण्यापासून ज्या कंपनीने सुरुवात केली, तिने २०११ मध्ये आपल्या चाकणमधून एक्सयूव्ही ५०० काढली आणि दहा वर्षांनी ७००. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला १७ पैकी १६.०३ गुण, मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी ४१.६६. मोठ्यांसाठी पाच तारे, मुलांसाठी चार. ज्या खेड तालुक्यात माझ्या तरुणपणी ज्वारी-बाजरी डोलायची, तिथे हे होतं याचा मला अभिमान आहे. गाडी खोटी नाही. तू तुझ्याशी खोटं बोलतोयस. माझी तक्रार ती आहे.

तू पोटापाण्याला काय करतोस? सीटच्या सांगाड्यांची क्वालिटी बघतोस. वेल्डिंग पाव मिलिमीटर सरकलं तर लॉट रिजेक्ट करतोस. भोकात गो-नो-गो गेज गेला नाही तर सप्लायरला फोनवर सोलून काढतोस. माझ्यासमोर एकदा केलं होतंस तसं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगा मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.

मग घरी आल्यावर व्हर्नियर कुठे ठेवतोस?

सोसायटीतली तुझी पार्किंगची जागा केवढी? सव्वादोन-अडीच मीटर असेल, म्हणालास. 'असेल' म्हणजे काय? गृहप्रवेशाला आलो तेव्हा नकाशा तूच दाखवला होतास. २.३ मीटर रुंद, ४.५ मीटर लांब. नव्या गाडीची मापं तू वाचली नाहीस, म्हणून ७०० ची घेऊ. नवी काही तिच्यापेक्षा लहान नसणार. लांबी ४.६९५ मीटर. रुंदी १.८९ मीटर, आरसे सोडून. करा वजाबाकी. गाडी जागेच्या बाहेर १९.५ सेंटिमीटर येते. दोन्ही बाजूंना मिळून ४१ सेंटिमीटर उरतात, म्हणजे एका बाजूला जेमतेम वीत. त्या वितीतून तुझी आई कशी उतरणार? एका अंगाला तर खांब आहे. की दर वेळी तिला फाटकाशी उतरवून ठेवणार आणि मग गाडी लावणार? पावसात?

चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी. तू केली नाहीस. येत नाही म्हणून नव्हे. उत्तर काय येणार, ते तुला ठाऊक होतं म्हणून.

आता तुझं लाडकं वाक्य घेऊ. "सर, घरच्यांसाठी घेतोय."

घरचे किती? तू, बायको, पोरगी. आई-वडील गावी. ते महिना-दोन महिन्यांनी येतात. झाले पाच. तुझी आत्ताची गाडी पाच जणांची आहे, हप्ते फिटलेले आहेत, चाळीस हजार किलोमीटरही झालेले नाहीत. सहावा आणि सातवा कोण? मेव्हणा आणि त्याची बायको. बरं, गेल्या वर्षी सातही माणसं एकत्र किती वेळा निघालात? मी विचारलं तेव्हा बोटं मोजलीस. दिवाळीला गाव, एकदा जेजुरी, एक लग्न. तीन वेळा. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातल्या तीन खेपांसाठी उरलेले दिवस दोन टनांचं धूड घेऊन एकटा कामावर जाणार? त्या तीन खेपांना भाड्याची गाडी केलीस, तर नव्या गाडीच्या एका हप्त्यात वर्ष भागेल.

आणि समजा ती तीन दिवसांची गरज खरी आहे. मग तिसऱ्या रांगेत कोणाला बसवणार? आईला? तिच्या गुडघ्यांवर डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते मला तोंडपाठ आहे, कारण तूच मला चार वेळा सांगितलंस. या असल्या गाड्यांत मागे जायचं म्हणजे मधल्या रांगेची सीट दुमडून, एक पाय वर टाकून, वाकून आत शिरायचं. आत गेल्यावर पायाखालची जमीन उंच आणि बैठक बुटकी. मांड्यांना आधार नाही, गुडघे छातीशी. हे मी तुला शिकवू? सीटची उंची, पायाची जागा, बसणाऱ्याचा कोन, याच्यावर तुझी भाकरी चालते. मोशीच्या घरापासून जुन्नरच्या गावापर्यंत तशा अवस्थेत म्हातारी येईल का? येईल. तोंडातून शब्द काढणार नाही. 'छान आहे रे गाडी' म्हणेल. रात्री गुडघ्यांना तेल चोळत बसेल. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून ती गप्प बसेल, आणि ती बोलली नाही म्हणून तू म्हणशील, आईला आवडली.

आई मधे बसेल म्हणतोस? मग मागे पोरगी आणि मेव्हण्याची बायको. ठीक. सामान कुठे? तिसरी रांग उभी असली की तिच्या मागे दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते. गावाहून परतताना तुझे वडील कांद्याची गोणी, तांदूळ आणि लोणच्याची बरणी दिल्याशिवाय सोडतात का तुला? सात माणसं किंवा सामान. दोन्ही एकदम जमत नाही. सात माणसं आणि त्यांचं सामान खरोखरच न्यायचं असतं, तर तू सगळ्यात आधी इनोव्हा नाही तर अर्टिगा बघितली असतीस. मी ते म्हणालो, तर तू काय बोललास? "सर, ती टॅक्सीसारखी दिसते."

हे बघ. या एका वाक्यात सगळं आलं. आईचे गुडघे, पोरीची सोय, मेव्हण्याचं कुटुंब, सगळं बाजूला राहिलं आणि गाडी दिसते कशी ते वर आलं. मग तसं स्वच्छ सांग की! 'मला रुबाबदार गाडी हवी आहे. उंच बसून बघायला आवडतं.' यात पाप नाही. कमावता माणूस आहेस, हौस असू शकते. पण स्वतःच्या हौसेवर आईचा पदर टाकू नकोस. हौसेचा खर्च आणि गरजेचा खर्च यांना वेगवेगळी वही लागते, हे तुझ्या आईने तुला शिकवलंय. मी नाही.

दुसरं वाक्य. "सर, सेफ्टी. पाच तारे."

इथे मला खरा राग आहे.

ते पाच तारे कसे मिळतात, माहीत आहे तुला. नसेल तर कुणाला असणार? ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर घालतात. आतल्या प्रत्येक बाहुलीला पट्टा लावलेला असतो. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या मुलांच्या सीटमध्ये बांधलेल्या असतात. तारे त्या बांधलेल्या बाहुल्यांना मिळालेत. तुझ्या घरात किती जण बांधून बसतात?

गेल्या गणपतीत मी तुझ्या गाडीत बसलो होतो. मागे बसून पट्टा ओढायला लागलो, तर म्हणालास, "सर, मागे नाही लागत." तुझी पोरगी पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी होती. नंतर आजीच्या मांडीवर. पट्ट्याची बकलं सीटच्या फटीत खाली गेली होती, मी बोटं घालून काढली. आणि हा माणूस मला पाच ताऱ्यांचं कौतुक सांगतो!

तुला भौतिकशास्त्र मी शिकवलंय. तेव्हा आज पुन्हा शिक. गाडी ताशी ५० ने चालली आहे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. याच वेगाने माणूस जमिनीवर आपटायचा असेल, तर त्याला दहा मीटरवरून पडावं लागेल. तिसऱ्या मजल्यावरून. आजीच्या मांडीवर मोकळी बसलेली पोरगी ही तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसलेली पोरगी आहे. आजी घट्ट धरेल म्हणतोस? समोरचा भाग चेपत चेपत गाडी साठ सेंटिमीटरमध्ये थांबली असं धर. मंदन किती? गुरुत्वत्वरणाच्या सोळा पट. पोरीचं वजन १५ किलो. त्या क्षणी आजीच्या हातांवर ओढ येते अडीचशे किलोच्या आसपास. तुझी आई पाण्याची कळशी उचलताना विसावा घेते. अडीचशे किलो धरेल ती?

चारोटी आठवते? ४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. गाडी साधीसुधी नव्हती. जगातल्या सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांतली होती. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे गृहस्थ, दोघेही गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. महिनाभर सगळा देश मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होता. तूही बोलत होतास. माझ्या ओट्यावर बसून अर्धा तास बोललास. आणि मग? महिन्याने पुन्हा बकलं सीटच्या फटीत.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ चे आकडे दिलेत. पट्टा न लावल्याने गेलेले १६,७१५. त्यातले ८,३३१ गाडी चालवत नव्हते. नुसते बसले होते. कायद्याने मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लागते, नाही तर हजार रुपये दंड. दंडाची भीती मी तुला घालत नाही. तुला भीती कशाची वाटायला हवी, ते वर लिहिलंय.

मुलांची सीट काही हजारांत मिळते. आत्ताच्या गाडीत बसते. गेली चार वर्षं पोरीच्या सुरक्षेसाठी तू ते काही हजार काढले नाहीस, आणि आता तिच्याच सुरक्षेसाठी वीस लाख काढतोस? कोण विश्वास ठेवेल? मी नाही.

ते कॅमेरे आणि रडार घेऊन येऊ नकोस माझ्यापुढे. 'सर, ती आपोआप ब्रेक मारते, लेन सोडत नाही.' या सोयींना दुसरी पातळी म्हणतात. त्या पातळीवर गाडी चालवण्याची जबाबदारी सगळीच्या सगळी माणसाची असते, यंत्र फक्त मदतीला. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचतो. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर तुला पांढरे पट्टे कुठे दिसले? मला तर रस्ताच कमी दिसतो, खड्डे जास्त. आणि मोकळ्या रस्त्यावर काय होतं, तेही ठाऊक आहे. स्टिअरिंग सोडून मांडी घालून बसलेल्यांची रिळं तूच मला पाठवली होतीस. खाली हसण्याचं चिन्ह टाकून. त्यात हसण्यासारखं काय होतं?

एक्स्प्रेसवेवर गाडीला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६०. तू १२० ने जातोस. मला बायकोने सांगितलं, तुझ्या. १०० वरून १२०, म्हणजे वेग वीस टक्क्यांनी वाढला. ऊर्जा किती टक्क्यांनी वाढली? चव्वेचाळीस. वेगाचा वर्ग, लेका! नववीच्या पुस्तकातलं सूत्र आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि एका सेकंदात पाय ब्रेकवर, असं सगळं जमून आलं तरी १०० ला गाडी थांबायला ८० मीटरच्या वर लागतात. १२० ला ११० च्या वर. जड गाडीत उंचावर बसलं की वेग कळत नाही. शंभर साठसारखे वाटतात. अशी गाडी तुझ्या हातात द्यायची म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, आणि मागे बसलेली माणसं माझ्या ओळखीची.

आता पैसे. इथे फार बोलणार नाही, कारण इथे तुला शिकवायचं काही शिल्लक नाही. दहावीत असताना वडिलांच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा उतारा घेऊन तू वर्गात आला होतास. व्याज कसं लावलंय, मला समजावून सांगा म्हणालास. पाइपलाइनचं कर्ज होतं. मी फळ्यावर मांडलं, तू वहीत मांडलंस आणि घरी जाऊन वडिलांना समजावलंस. पंधरा वर्षांचा होतास. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, या पोराला कुणी फसवू शकणार नाही.

आज तू मला म्हणतोस, "हप्ता बसतो, सर."

हप्ता बसतो! खुर्चीत बसतो की छातीवर? मांड हिशेब. शोरूमची किंमत २० लाख. त्यावर राज्याचा डिझेलचा कर १४ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. विमा वगैरे धरून २४ च्या घरात. चार लाख तू घालणार, वीस लाख कर्ज. नऊ टक्के, सात वर्षं. हप्ता ३२,१७८ रुपये. रोजचे हजाराहून जास्त. रविवार, आजारपण, नोकरी बदलली तो महिना, सगळं धरून. ८४ हप्ते. एकूण २७ लाख ३ हजार. म्हणजे ७ लाख ३ हजार व्याज. २०२१ च्या त्या पन्नास हजारांसाठी चार वर्षं हळहळलास ना? हे त्याच्या चौदा पट आहेत. याची हळहळ का नाही वाटत? कारण ते महिन्या-महिन्याने, गुपचूप जातात.

आणखी एक बघ. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेस. कर्ज किती उरलं? साडेपंधरा लाख. दोन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत विमा कंपनी तीस टक्क्यांनी उतरवून धरते. म्हणजे १४ लाख. त्या दिवशी गाडी चोरीला गेली तर विम्याचे सगळे पैसे बँकेत भरूनही वर दीड लाख तुझ्या अंगावर. गाडी नाही, आणि तिचं देणं आहे. घराचं कर्ज आधीच चालू आहे. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन 'दिवाळीनंतर बघू' म्हणून तूच पुढे ढकललंस. कुठली दिवाळी, ते सांगितलं नाहीस.

"सर, जीएसटी कमी झालाय." झालाय. या गाड्यांवर उपकर धरून ४० टक्क्यांच्या वर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० आहे. तरी तुझ्या वीस लाखांत पावणेसहा लाखांच्या आसपास जीएसटी आहेच. कर उतरला म्हणून वीस लाख खर्चणं याला बचत कोण म्हणतं? दुकानदार म्हणतो. तू दुकानदार आहेस का?

"डिपार्टमेंटमधल्या तिघांनी घेतली." घेऊ देत. त्यांच्या घरचा खांब आणि त्यांच्या आईचे गुडघे मला माहीत नाहीत.

आणि डिझेलच का? तर दणकट. अरे, घरापासून कंपनीपर्यंतचं तुझं अंतर ते केवढं! नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात निम्मा वेळ उभा असतोस. बीएस-६ डिझेलच्या धुराची गाळणी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. थांबत-सरकत जाणाऱ्याची गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग सर्व्हिस सेंटरच्या खेपा सुरू होतात. हे मला तुझ्याच कंपनीतल्या माणसांनी सांगितलं, तुझ्या घरी, तुझ्यासमोर. तू मान डोलावत होतास. तेव्हा दुसऱ्याची गाडी होती ना, म्हणून सगळं कळत होतं.

मला वाईट कशाचं वाटतं, सांगू? ज्याला वजाबाकी येत नाही, त्याने कर्जात उडी मारली तर मी त्याला जवळ बसवून शिकवतो. त्याच्यावर रागावत नाही. ज्याला मोजता येतं, मोजण्याचाच पगार ज्याला मिळतो, त्याने घरच्या उंबऱ्यात शिरताना टेप खिशात घालून ठेवायची? आळसाचं हे सगळ्यात वाईट रूप आहे. हातपाय हलवायचा आळस परवडला. तू खरं उत्तर ऐकायचा आळस करतोयस. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाडीचे व्हिडिओ बघायला तुला वेळ आहे; पार्किंगला टेप लावायला पाच मिनिटं नाहीत. मेव्हण्याला तिसऱ्या फोनवर बसवायला जमतं, आईला एकदा शोरूमला न्यायला जमत नाही.

गाडी घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. मी सांगतो म्हणून थांबशील, तर ते आणखी वाईट. मला तुझ्याकडून आज्ञापालन नको आहे, तुझं डोकं चाललेलं हवं आहे. सगळं मोजून, सगळ्यांना विचारून, हौस आहे हे उघड मान्य करून घेतलीस, तर पेढे घेऊन ये. मी स्वतः नारळ फोडीन.

तोवर एवढं कर. आज संध्याकाळी खाली जा आणि पार्किंगला टेप लाव. पोरीची सीट याच आठवड्यात आण, आत्ताच्या गाडीत बसव आणि मागची बकलं फटीतून वर काढून ठेव. वडिलांच्या डोळ्यांची तारीख ठरव. बुकिंग उघडेल त्या दिवशी तिन्ही फोन बंद ठेव. गाड्या संपत नाहीत, चाकणला रोज बनतात. गाडी शोरूमला आली की रविवारी आईला घेऊन जा. तिला तिसऱ्या रांगेत चढायला सांग. हात देऊ नकोस. नुसता उभा राहून बघ. मग सगळ्यांनी बसा, दार लावा आणि अर्धा तास तसेच बसून राहा. उतरल्यावर 'कशी आहे गाडी' असं विचारू नकोस. 'गुडघे कसे आहेत' असं विचार.

ती काय म्हणाली, ते मला सोमवारी कळव. फोन रात्री नऊच्या आत कर.